सेमाडोहच्या बेलावर पाहुणं, संत्र्याच्या पन्हेरीत वैरी: एकाच फुलपाखराची दोन आयुष्यं

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की घटांगनंतर मेळघाटचं जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर येतं. याच रस्त्यावर सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. इथं येणाऱ्या पर्यटकांच्या डोक्यात एकच गोष्ट असते, वाघ. तो दिसला तर दिसला, नाहीतर अस्वल, गवा, निदान सांबर तरी दिसावं अशी प्रार्थना करत लोक जिप्सीत बसतात.

पण नदीकाठच्या ओल्या वाळूकडे जरा वेळ बघत बसलात, तर एक प्राणी हमखास दिसतो. काळ्या पंखांवर फिक्या पिवळ्या रंगाचे ठिपके आणि मागच्या पंखाच्या टोकाला विटकरी लाल डाग असलेलं हे मोठं फुलपाखरू सतत पंख फडफडवत असतं. इंग्रजीत त्याला लाइम बटरफ्लाय म्हणतात, शेतकरी लिंबावरचं फुलपाखरू म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे पॅपिलिओ डेमोलियस.

गंमत अशी की सेमाडोहचा घाट उतरून अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या संत्रापट्ट्यात आलात की याच फुलपाखराकडे बघण्याची नजर बदलते. जंगलात त्याचे फोटो काढले जातात. संत्र्याच्या पन्हेरीत मात्र त्याच्या अळ्या वेचून मारल्या जातात.

हे फुलपाखरू नेमकं आहे कसं, जगतं कसं आणि शेतकऱ्याला खरंच किती छळतं?

स्वॅलोटेल, पण शेपूटच नाही

हे फुलपाखरू पॅपिलिओनिडी कुळातलं. या कुळाला इंग्रजीत स्वॅलोटेल म्हणतात, कारण यातल्या बऱ्याच फुलपाखरांच्या मागच्या पंखांना पाकोळीच्या शेपटीसारखं लांब टोक असतं. मराठीत 'पाकोळी' हा शब्द त्या पक्ष्यासाठीही वापरतात आणि फुलपाखरासाठीही. म्हणजे ही तुलना आपल्या भाषेत आधीपासूनच बसलेली आहे.

लिंबावरच्या फुलपाखराला मात्र ती शेपटी नसते. मागचा पंख नुसता नागमोडी कडेचा असतो. मग ते स्वॅलोटेल कसं? कारण कुळ शेपटीवरून ठरत नाही. पंखांतल्या शिरांची रचना आणि अळीच्या मानेतला एक खास अवयव अशा खुणा त्यासाठी पाहिल्या जातात. त्या अवयवाची गोष्ट पुढे येईल.

पंख पूर्ण उघडले की रुंदी साधारण 8 ते 10 सेंटीमीटर भरते. वरची बाजू काळी आणि पिवळट ठिपक्यांची. खालची बाजू बरीच फिकी असते आणि मधोमध केशरी-निळ्या छटा असतात. कोषातून नुकतंच बाहेर पडलेलं फुलपाखरू फिकं पिवळं दिसतं, वय वाढेल तसा पिवळा रंग गडद होत जातो.

फुलावर बसलेलं असतानाही ते पंख स्थिर ठेवत नाही. सोंड फुलात आणि पंख हवेत, असं त्याचं चाललेलं असतं. मोबाईलवर काढलेले फोटो हलतात ते यामुळे. फोटो हवा असेल तर सकाळी लवकर जा, तेव्हा ते ऊन खात पंख पसरून बसलेलं असतं.

1758 मध्ये कार्ल लिनियसने या फुलपाखराला नाव दिलं. मोठ्या देखण्या फुलपाखरांना तो ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं देत असे. डेमोलियस हा त्यातलाच एक ग्रीक योद्धा, एनियसच्या हातून मारला गेलेला. वरूडच्या शेतात ज्या अळीला शिव्या पडतात तिचं कागदोपत्री नाव इतकं भारदस्त आहे.

वाळूवर कोण बसतं आणि का?

सिपनेच्या काठी ओल्या वाळूवर किंवा रस्त्याकडेच्या चिखलावर जी फुलपाखरं घोळक्यानं बसलेली दिसतात ती बहुतेक नर असतात. ती तिथं तहान भागवायला आलेली नसतात. चिखलातल्या पाण्यातून त्यांना मीठ, म्हणजे मुख्यतः सोडियम मिळतं. फुलांच्या मधात साखर भरपूर, पण सोडियम जवळपास नसतंच. मिलनाच्या वेळी नर यातला काही साठा मादीला देतो आणि तो अंड्यांच्या कामी येतो.

उन्हाळ्यात साग पानं गाळतो, ओढे आटतात आणि ओलाव्याच्या जागा थोड्याच उरतात. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. त्या नदीचे डोह तेवढे टिकून असतात, त्यामुळे सगळी गर्दी तिथं होते. जंगल उघडं, हिरवळ कमी आणि फुलपाखरं एकाच ठिकाणी गोळा झालेली, म्हणून पाहायला हा काळ सोपा. संख्येनं मात्र ती पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त असतात.

मादी या गर्दीत सहसा नसते. तिचं काम वेगळं आहे.

पायांनी चव घेणारी मादी

मादी जमिनीपासून थोड्याच उंचीवर, झुडपाझुडपांमधून उडत असते. एखाद्या पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी त्यावर टकटक केल्यासारखं करते आणि निघून जाते. ती चव घेत असते. या फुलपाखरांच्या पायांवर रसायनं ओळखणारे बारीक केस असतात. पान योग्य झाडाचं आहे की नाही, हे त्यावरून कळतं.

योग्य झाड म्हणजे कोणतं? सेमाडोहच्या जंगलात ते बेल असू शकतं, कवठ असू शकतं. गावात घराजवळचा कढीपत्ता. संत्रापट्ट्यात संत्रा, मोसंबी, लिंबू. ही सगळी झाडं रुटेसी या एकाच कुळातली आहेत. त्यांची पानं चुरगाळली की जो वास येतो तो पानातल्या तेलांचा, आणि मादीही झाड ओळखते ते पानातल्या अशाच रसायनांवरून.

याला एक अपवाद आहे आणि तो वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत सहज सापडतो. बावची. ही वनस्पती डाळवर्गीय कुळातली, लिंबाशी तिचं काही नातं नाही, तरीही या फुलपाखराची अळी तिच्यावर वाढते. ऑस्ट्रेलियात तर याच फुलपाखराची जी उपजात आहे ती लिंबूवर्गीय झाडांकडे ढुंकूनही पाहत नाही आणि बावचीच्या नात्यातल्या झुडपांवरच जगते. म्हणजे 'लिंबावरचं' हे नाव जगभर लागू नाही.

वऱ्हाडात संत्र्याच्या मोठ्या बागा उभ्या राहिल्या त्या गेल्या दोनेकशे वर्षांत. बेल आणि बावची इथं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. फुलपाखरू संत्र्यावर चाल करून आलं असं नाही, आपणच त्याच्या आवडीच्या चवीची झाडं हजारोंनी, एका रांगेत लावली.

मादी एका जागी एकच अंडं घालते, तेही कोवळ्या पालवीवर. अंडं गोल, फिकं पिवळं, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. उबदार हवेत तीन-चार दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते.

आधी विष्ठा, मग साप

अळीची पहिली गरज खाणं. त्याच्याबरोबरीची दुसरी गरज, कुणी आपल्याला न खाणं. दुसऱ्या कामासाठी ती जे सोंग घेते ते मोठं बेमालूम आहे.

लहान अळी तपकिरी-काळी असते आणि पाठीवर मधोमध पांढरा पट्टा असतो. पानावर पडलेली पक्ष्याची विष्ठा हुबेहूब अशीच दिसते. अळी दिवसा पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसून राहते आणि पक्षी तिच्याकडे खाण्याची वस्तू म्हणून बघतच नाहीत. पन्हेरीत काम करणारी माणसंही अनेकदा फसतात. त्यांना पानावर घाण दिसते, अळी दिसत नाही.

अळी एकूण पाच अवस्थांतून जाते आणि दर वेळी कात टाकते. पहिल्या चार अवस्थांत हे विष्ठेचं सोंग चालतं. पाचव्या अवस्थेत अळी दीडेक इंचाची होते. एवढ्या मोठ्या आकाराची विष्ठा कोणत्या चिमणीची, असा प्रश्न पक्ष्यालाही पडेल. म्हणून शेवटची कात टाकताना ती सोंग बदलते आणि पानासारखी हिरवीगार होते. अंगावर तिरपे तपकिरी पट्टे येतात, त्यामुळे तिचा आकार फांदी-पानांत विरघळून जातो. मानेमागचा भाग फुगलेला असतो आणि त्यावर डोळ्यासारखे ठिपके असतात. समोरून पाहिलं तर एखाद्या छोट्या सापानं तोंड वर काढल्यासारखं वाटतं. तिचे खरे डोळे मात्र पुढे, खाली दडलेल्या डोक्यावर असतात आणि अगदी बारीक असतात.

एवढ्यावरही कुणी तिला छेडलंच, तर मानेतून अचानक दोन शिंगांसारखा ओला अवयव बाहेर येतो आणि उग्र आंबूस वास सुटतो. हाच तो खास अवयव, ऑस्मेटेरियम. जगभरच्या सगळ्या स्वॅलोटेल अळ्यांकडे तो असतो, शेपटी असो वा नसो. मुंग्या, कोळी अशा लहान शत्रूंना या वासाचा त्रास होतो. माणसाला काहीही होत नाही. अळी डसत नाही, अंगावर खाजरे केसही नसतात. कढीपत्त्याच्या कुंडीत ती दिसली आणि शिंगं बाहेर आली की घरात आरडाओरडा होतो, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

अळीपण साधारण दोन आठवड्यांचं. हवा थंड असेल तर जास्त.

कमरेला दोर बांधलेला कोष

पोट भरलं की अळी खाणं थांबवते आणि योग्य जागा शोधते. फांदीवर शेपटाकडचं टोक रेशमानं चिकटवते आणि मग स्वतःभोवती रेशमाचा एक धागा घेते, त्याची दोन्ही टोकं फांदीला. शिंदीच्या झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधून जसा मागे रेलतो, तसा हा कोष डोकं वर करून त्या धाग्यावर रेललेला असतो.

कोषाचा रंग ठरलेला नसतो. हिरव्या पानांत, कोवळ्या गुळगुळीत डहाळीवर तो बहुधा हिरवा होतो. खरबरीत सालीवर, सुकलेल्या काडीवर तपकिरी. तो रंग अळी कोषात जाण्याच्या आधी, बसलेल्या जागेवरून ठरतो.

उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं. हे बहुधा सकाळीच घडतं. आधी पंख ओल्या चिंधीसारखे लोंबत असतात, मग शरीरातलं द्रव शिरांमध्ये ढकलून ते पसरवले जातात. पंख वाळायला तासाभराचा अवधी लागतो आणि तेवढा वेळ ते पूर्ण असहाय असतं. अंड्यापासून इथपर्यंतचा प्रवास हवामानानुसार साधारण 26 ते 59 दिवसांचा. हिवाळ्यात मेळघाटच्या थंडीत तो लांबतो. आणि एवढं करून मिळालेलं पंखांचं आयुष्य? चार दिवस ते आठवडाभर.

पन्हेरीत नेमकं काय होतं?

वरूड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. जंबेरी किंवा रंगपूर लाइमची रोपं वाढवायची, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि तयार झालेली कलमं विकायची, हा इथला धंदा. बाग लावणाऱ्याचं पुढच्या कित्येक वर्षांचं उत्पन्न या वीतभर-हातभर रोपावर अवलंबून असतं.

पन्हेरीत रोपं दाटीनं लावलेली असतात, पाणी नियमित मिळतं, त्यामुळे कोवळी पालवी सतत फुटत राहते. या पालवीला इकडे नवती म्हणतात. मादीला हवं असतं ते नेमकं हेच. जंगलात एक बेलाचं रोप इथं आणि दुसरं पन्नास पावलांवर असतं. पन्हेरीत तिला एका वाफ्यात शेकडो रोपं मिळतात.

मोठी अळी भयंकर खादाड असते. रोपाला पानंच मोजकी असतील तर दोन-तीन अळ्या ती संपवून फक्त मधल्या शिरा शिल्लक ठेवतात. पानं गेली की वाढ थांबते, डोळा बांधण्याचा हंगाम हुकतो. नुकसान खरं आहे, त्याला 'निसर्गप्रेमाच्या' नावाखाली झाकण्यात अर्थ नाही.

मात्र हाच हिशेब पाच-सात वर्षांच्या झाडाला लागू होत नाही. भरल्या झाडावर हजारो पानं असतात. त्यातली मूठभर अळीनं खाल्ली तर झाडाला कळतही नाही. आंबिया, मृग आणि हस्त या बहारांच्या वेळी नवी नवती फुटते, तेव्हा अळ्या दिसणारच. त्या दिसल्या म्हणून फळावरच्या मोठ्या बागेत फवारणी काढणं हा बहुतेक वेळा पैसे आणि मित्रकीटक दोन्ही घालवण्याचा प्रकार ठरतो.

मित्रकीटक म्हणजे कोण? इथं गोष्ट पुन्हा रंगतदार होते.

कोषाला टाचणीएवढं भोक दिसलं तर

या फुलपाखराच्या प्रत्येक अवस्थेच्या मागे एखादी चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी लागलेली असते. अंड्यावर ट्रायकोग्रामा. कपाशीत बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड लावणाऱ्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे नाव नवं नाही. लहान अळीत अपँटेलिस गटातल्या माश्या आपली अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खातात.

कोषावरची टेरोमॅलस तर कमालीची धीराची. कोषाचं कवच एकदा कडक झालं की तिची नळी त्यात शिरत नाही. म्हणून ती कोषात जायच्या बेतात असलेली अळी आधीच हेरते आणि तिच्याजवळ बसून राहते. अळीनं शेवटची कात टाकली, कोष अजून मऊ आहे, तेवढ्यात ती आपली अंडी आत सोडते. मग त्या कोषातून फुलपाखरू निघतच नाही. बाहेरून टाचणीएवढी भोकं पडतात आणि डझनावारी बारीक माश्या बाहेर येतात.

रोपावर असा भोक पडलेला तपकिरी कोष दिसला तर तिथं गांधीलमाशीनं काम केलं आहे असं समजायचं. सरसकट फवारणी केली की आधी या माश्या मरतात. फुलपाखराची मादी बाहेरून उडत येऊन पुन्हा अंडी घालते आणि आता त्या अंड्यांना आवरणारं कुणी नसतं. अळी यंदा जास्तच झाली, या तक्रारीमागे कधी कधी मागची फवारणी असते.

म्हणून लहान पन्हेरीत आजही सर्वांत भरवशाचा उपाय हातानं वेचण्याचा आहे. अळी केसाळ नाही, विषारी नाही, आणि एकदा विष्ठेचं सोंग ओळखता आलं की पटापट दिसते. वेचलेल्या अळ्या-कोष लगेच चिरडण्याऐवजी बारीक जाळीच्या डब्यात ठेवले तर फुलपाखरू आत अडकतं आणि बारीक माश्या जाळीतून निसटून पुन्हा पन्हेरीत जातात. कीडनियंत्रणातली ही जुनी युक्ती आहे, तिला खर्च जवळजवळ शून्य. क्षेत्र मोठं असेल तर अळी लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा बीटी या जिवाणूची फवारणी हा तुलनेनं सौम्य मार्ग. रासायनिक औषधाची वेळ आलीच तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या त्या वेळच्या शिफारशी बघून मगच.

मित्रकीटक सोबत नसतील तर काय होतं, याचं चित्र वऱ्हाडापासून फार लांब पाहायला मिळतं. आशियातलं हे फुलपाखरू 2004 मध्ये कॅरेबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं. तिथून ते पोर्तो रिको, जमैका आणि क्युबापर्यंत पोचलं. नव्या मुलखात लिंबूवर्गीय झाडं भरपूर आणि त्याच्या पाठीवर वाढलेले जुने शत्रू नाहीत, त्यामुळे तिथं ते थेट परकी कीड म्हणूनच नोंदलं गेलं.

त्याच बेलावर बहुरूपी भाऊबंद

सेमाडोहला बेल किंवा कढीपत्त्यावर विष्ठेसारखी अळी दिसली तर ती लिंबावरच्या फुलपाखराचीच असेल असं नाही. त्याचं एक भावंडं, कॉमन मॉरमॉन, हीच झाडं खातं आणि लहानपणी हेच सोंग घेतं. मोठेपणी मात्र त्याची वेगळीच तऱ्हा. काही माद्या नरासारख्या काळ्या-पांढऱ्या दिसतात, तर काही माद्या कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात. ही दोन्ही फुलपाखरं ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीचं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत.

एकाच आईच्या पोटी इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या माद्या कशा जन्मतात, हे कोडं बरीच वर्षं होतं. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की या सगळ्याची किल्ली डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकात आहे.

महाराष्ट्रानं 2015 मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं ते ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळीसुद्धा याच पॅपिलिओ वंशातलं. त्याची अळीही लिंबूवर्गीय पानं खाते. म्हणजे राज्याचं मानचिन्ह आणि पन्हेरीची कीड सख्खी नातलग आहेत.

सेमाडोहला जाणार असाल तर

पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गावाच्या आसपासच्या बेलाच्या लहान रोपांकडे बघा. मोठ्या झाडाच्या शेंड्याकडे मान उंचावून काही मिळत नाही, मादीला गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीची कोवळी पालवी पुरते. पानाच्या वरच्या बाजूला विष्ठेसारखं काही दिसलं तर पाच मिनिटं थांबा. ते हललं तर अळी आहे.

हात मात्र लावू नका. हा व्याघ्र प्रकल्प आहे, देशात सुरुवातीला जे नऊ जाहीर झाले त्यातला एक. इथलं पान, अंडं, कोष काहीही उचलून नेता येत नाही. जीवनचक्र घरी बघायचंच असेल तर कढीपत्त्याची एक कुंडी गॅलरीत ठेवा आणि तिच्यावर कोणतंही औषध मारू नका. अमरावती असो की अकोला, पावसाळ्यात कधीतरी एक मादी येते, पानावर पाय आपटते आणि जाते. त्यानंतर पानांच्या टोकाला पिवळा बारीक दाणा शोधायचा.